हापसा, कळशी आणि डिझाइन थिंकिंग

बहात्तरचा दुष्काळ महाराष्ट्रातली जुनी माणसं अजून कालगणनेला वापरतात. अमक्याचं लग्न दुष्काळाच्या आदल्या साली, तमक्याचा जन्म ऐन दुष्काळात. त्या वर्षांत विहिरी आटल्या आणि कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. दख्खनचा काळा पाषाण फोडून खालच्या भेगांमधलं पाणी गाठता येऊ लागलं आणि बोअरच्या तोंडावर हातपंप बसले. सरकार, युनिसेफ, चर्चच्या मदतसंस्था असे सगळे या कामात होते. पैसा होता, यंत्रं होती, पाणीही लागत होतं. तरीसुद्धा सत्तरच्या दशकाच्या मध्यात देशातल्या हातपंपांची पाहणी झाली, तेव्हा साधारण चारातले तीन पंप बंद होते.

असं काही कानावर आलं की दोन उत्तरं लगेच तोंडात येतात. माल निकृष्ट असणार, कंत्राटदाराने पैसे खाल्ले असणार. नाहीतर, लोकांना वस्तू नीट वापरायची अक्कलच नाही. पहिल्या उत्तरात तथ्य होतं. ओतकाम खरोखरच बेताचं होतं. दुसरं उत्तर मात्र शहरातल्या कचेरीत बसून सुचणारं आहे. पंपाशेजारी एक सकाळ काढली असती तर ते टिकलं नसतं.

कारण हे पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आणि अमेरिका-युरोपातल्या शेतघरांच्या अंगणात असायचे तशा पंपांच्या नकला होत्या. तिथे एक कुटुंब, चार-दोन जनावरं. दिवसातून थोडा वेळ दांडा हलायचा. आपल्याकडे तोच पंप पहाटे अंधारात सुरू व्हायचा तो रात्री निजानीज होईपर्यंत. त्यावर अख्खी वस्ती. कळशा, हंडे, घागरी, डबे यांची रांग; उंची न पुरणारी पोरं दांड्याला लोंबकळून हापसणार; वरच्या वस्तीवरून आलेली बाई दोन हंडे भरेपर्यंत मागची ओरडणार. अंगणातल्या पंपाचा वर्षभराचा वापर इथे काही आठवड्यांत उरकत असे. खिळ झिजायची, पिन निसटायची, दांडा डुगडुगायला लागायचा आणि एक दिवस पंप गप्प व्हायचा. मग बाया पुन्हा तळ्यातल्या झऱ्याकडे.

म्हणजे 'चांगला पंप कसा बनवायचा' हा प्रश्न अर्धाच होता. पुरा प्रश्न असा: दिवसभर शेकडो हातांनी, कुणाचीही मालकी नसताना, जवळ मेकॅनिक नसताना चालत राहील असा पंप कसा असेल? प्रश्नाची ही मांडणी बदलली की उत्तराची वाटही बदलते. या बदलालाच आज जगभर डिझाइन थिंकिंग, किंवा थोडं लांबवून मानवकेंद्री डिझाइन, म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर, ज्याच्या डोक्यावर प्रश्न आहे त्याचा दिवस आधी जवळून बघायचा, त्या बघण्यातून प्रश्न नव्याने मांडायचा, मग स्वस्तातले कच्चे नमुने करून त्याच्याच हातात द्यायचे, आणि ते कुठे फसतात हे पाहून पुन्हा करायचं. एवढंच. यातला कुठलाच भाग नवा नाही आणि कुठलाच सोपा नाही.

हापशाच्या बाबतीत उत्तराचा धागा मराठवाड्यात आणि सोलापुरात सापडला. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या लोकांनी बोअर आणि पंपांची कामं चालवली होती. त्यांना स्वतःच बसवलेले पंप पुन्हा पुन्हा दुरुस्त करायला जावं लागे. हा फार महत्त्वाचा तपशील आहे. पंप विकून मोकळा होणारा कारखानदार आणि बंद पडल्यावर ज्याच्या दाराशी गाव येतं तो माणूस, यांना पंप वेगवेगळा दिसतो. जालन्यात आणि मग सोलापुरात, तिथल्याच कार्यशाळांमध्ये, ओतीव लोखंड सोडून पोलाद वापरलं गेलं. खिळी-जोडांचा पसारा काढून दांड्याला एकच टेकू दिला, तोही बेअरिंगवर. आणि सोलापुरी पंपाची खरी करामत म्हणजे साखळी.

ती जरा समजून घेऊ. जुन्या पंपात दांडा खाली दाबला की त्याचं दुसरं टोक कमानीत वर जातं. त्या टोकाला सळई थेट जोडलेली असेल तर ती नुसती वर जात नाही. थोडी पुढे, थोडी मागे अशी ओढली जाते. प्रत्येक हापशाला हा तिरका ताण, दिवसातून हजारो वेळा. झिजणार नाही तर काय? सोलापूरच्या पंपात दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी एक कमान बसवली आणि सळई त्या कमानीवरून लोंबणाऱ्या साखळीला टांगली. आता दांडा कसाही हलवा, साखळी कमानीवर गुंडाळली जाते आणि सळई ओळंब्यासारखी सरळ वर येते. खाली जायला सळयांचं वजन पुरतं. कोणी कसं हापसावं याची शिकवणी घ्यायची गरजच उरली नाही. धसमुसळं हापसणं हे गृहीतच धरलं.

या पंपाचा पाया घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून जो पंप पक्का केला त्याचं नाव इंडिया मार्क टू. आज कुठल्याही खेड्याच्या चौकात निळसर-करड्या डोक्याचा, लांब भरीव दांड्याचा जो हापसा दिसतो तो बहुधा हाच. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याचं उत्पादन सुरू झालं. ठरवलेल्या अटी बघण्यासारख्या आहेत: साध्या वर्कशॉपमध्ये बनवता आला पाहिजे, किंमत 200 डॉलरच्या आसपास राहिली पाहिजे, देखभाल सोपी हवी. पेटंट घेतलं नाही, कोणीही बनवावा. साधारण 50 मीटर खोलीपर्यंतचं पाणी तो उपसतो. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे 50 लाख पंप बनून बसले होते, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत धरून.

हे काम करणाऱ्यांपैकी कोणीही त्याला डिझाइन थिंकिंग म्हणत नव्हतं. ते नाव नंतर रुळलं. 1969 मध्ये अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी असं मांडलं होतं की आहे त्या परिस्थितीतून हव्या त्या परिस्थितीकडे नेणारी वाट जो कोणी आखतो तो डिझाइनच करत असतो, मग तो डॉक्टर असो की अधिकारी. 1973 मध्ये नियोजनाचे अभ्यासक हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी काही प्रश्नांचा स्वभावच वेगळा असतो हे दाखवलं. गणिताचं उदाहरण सुटलं की सुटलं. पण गरिबी, शहराची वाहतूक, गावाचं पाणी यांचं उत्तर 'बरोबर' नसतं, फार तर 'बरं' असतं, आणि प्रत्येक उत्तर प्रश्नच थोडा बदलून टाकतं. पुढे 1991 मध्ये कॅलिफोर्नियात आयडिओ ही डिझाइन कंपनी उभी राहिली, 2005 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डी-स्कूल हे डिझाइन शिकवणारं केंद्र निघालं, आणि समरस होणं, प्रश्न नेमका करणं, कल्पना काढणं, नमुना करणं, तपासणं अशी पाच पायऱ्यांची मांडणी जगभरच्या कार्यशाळांत पोचली.

आपल्याकडेही याची एक जुनी आणि सुंदर सुरुवात आहे. 1958 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स देशभर फिरले आणि त्यांनी एक अहवाल दिला. त्यात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असावं? लोट्याचं. पाणी किती न्यायचं, तो कमरेवर धरायचा की डोक्यावर, भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, घासायला आत हात जातो का, उन्हात कसा दिसतो, विकला तर मोड किती येईल. असे प्रश्नांमागून प्रश्न त्यांनी त्या एका भांड्यावर विचारले. पिढ्यान्‌पिढ्या हजारो हातांनी ते भांडं घडवत आणलं आहे, एकट्या कुणी ते रेखाटलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीतलं औद्योगिक डिझाइन केंद्र 1969 चं.

पाच पायऱ्यांचा तक्ता मला फारसा आवडत नाही. तो भिंतीवर लावला की लोकांना वाटतं, सोमवारी समरस व्हायचं, मंगळवारी प्रश्न नेमका करायचा आणि शुक्रवारी नमुना दाखवून चहा-बिस्किटं. रंगीत चिठ्ठ्या काचेवर चिकटवलेल्या फोटोंनी या पद्धतीची जेवढी बदनामी केली आहे तेवढी तिच्या टीकाकारांनीही केली नसेल. खरं काम बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर असतं, आणि तिथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

बघणं म्हणजे सर्वेक्षण नव्हे. प्रश्नावली घेऊन गेलात तर उत्तरं मिळतील, ती उपयोगाची असतीलच असं नाही. आपल्याकडे तर पाहुण्याचा मान राखायची रीत आहे. 'मावशी, ही नवी चूल आवडली का?' 'हो हो, चांगली आहे की.' संपलं. मावशी खोटं बोलत नाहीत. दारात आलेल्या माणसाला नाराज करायचं नसतं. त्याऐवजी 'काल रात्री स्वयंपाक कशावर केला?' असं विचारा, किंवा त्याहून बरं म्हणजे रात्री स्वयंपाकाच्या वेळी जा. नवी चूल परसात पालथी घातलेली असेल आणि तिच्यावर कोंबड्या बसलेल्या असतील. कारण विचारल्यावर कळेल की भाकरीचा तवा तिच्यावर मावत नाही, आणि भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायला पुढे जागाच नाही. धूर मोजणाऱ्या प्रयोगशाळेत भाकरी कोणी केलेली नसते. आवडीनिवडी आणि 'कराल का?' अशा प्रश्नांपेक्षा काल काय केलं, मागच्या खेपेला काय झालं, तेव्हा जवळ कोण होतं, हे विचारावं. आणि माणूस जुगाड करून काय भागवतो तिकडे लक्ष ठेवावं. वहाणेला मारलेला खिळा, मोबाइलच्या कव्हरमागे कोंबलेली नोट, दवाखान्याच्या कागदावर पेनने काढलेला सूर्य: जिथे जुगाड दिसतो तिथे न सुटलेली गरज आहे.

हैदराबादजवळच्या एका वस्तीतलं उदाहरण या विषयावरच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतं, आणि ते आहेही तसंच. एक बाई घरापासून शंभरेक मीटरवरच्या, कधीही खुल्या असणाऱ्या बोअरचं पाणी आणत होती. ते पिऊन घरातली माणसं मधूनमधून आजारी पडत. अर्ध्या किलोमीटरवर एका संस्थेचं शुद्ध पाण्याचं केंद्र होतं. पाणी स्वस्त, तिला परवडणारं, आणि ते चांगलं आहे हे तिला पक्कं ठाऊक. तरी ती तिथून पाणी आणत नसे. अडाणीपणा? केंद्राचा कॅन जवळजवळ 20 लिटरचा, चौकोनी प्लास्टिकचा. भरल्यावर तो तिला उचलवत नव्हता, आणि कमरेवर किंवा डोक्यावर बसेल असा त्याचा आकारच नव्हता. नवरा शहरात कामाला. तो घरी यायच्या आत केंद्र बंद. शिवाय महिन्याचं कार्ड घ्यायचं तर रोज तेवढंच पाणी घ्यायचं, तिला लागो न लागो. पाणी शुद्ध करणारं यंत्र उत्तम चाललं होतं. कॅनचा आकार, केंद्राची वेळ आणि कार्डाचा नियम या तीन गोष्टी कोणी 'डिझाइन' समजतच नव्हतं.

इथे या पद्धतीबद्दलचा एक मोठा गैरसमज निघून जावा. वस्तू हा तिचा छोटा भाग आहे. वेळापत्रक, अर्ज, रांग, दर, खिडकीमागच्या माणसाची बोलण्याची पद्धत, हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं, म्हणजे वेगळं ठरवता येतं. समजा, एखाद्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर गर्दी हटत नाही, कारण गोळ्या घेऊन गेलेले लोक परत येऊन विचारतात. पहिला उपाय सुचतो तो फलक लावण्याचा. तासभर तिथल्या बाकावर बसलं तर दिसतं की तिन्ही गोळ्या पांढऱ्या आहेत, म्हातारबांना चष्म्याशिवाय पाकिटावरचं वाचता येत नाही, फार्मासिस्ट मागची रांग बघून भरभर बोलतो, आणि घरी गोळ्या देणारी सून सोबत आलेलीच नाही. आता प्रश्न 'सूचना कशा लिहाव्या' हा राहिला नाही. 'इथे नसलेल्या सुनेपर्यंत सूचना कशी पोचेल' हा झाला. पाकिटावर सूर्य-चंद्राचं चित्र, मोबाइलवर पाठवलेला आवाज, वेगवेगळ्या रंगांच्या पुड्या, असं पाच-सहा तऱ्हेचं काही उद्या सकाळी दहा जणांवर करून बघता येईल. त्याला निविदा लागत नाही.

कच्चा नमुना हा त्यासाठीच असतो. तो इतका साधा हवा की कोणी नावं ठेवली तर करणाऱ्याला वाईट वाटू नये. पुठ्ठा, कागद, चिकटपट्टी. देखणा नमुना समोर ठेवला की लोक रंगाबद्दल बोलतात. ओबडधोबड ठेवला की 'हे असं धरणार कसं?' असं विचारतात, आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं.

प्रश्न बदलणं आणि नमुना फसणं, दोन्ही एकत्र दिसतात ते एम्ब्रेस या बाळांच्या उबदार पिशवीच्या कहाणीत. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना काम मिळालं होतं नेपाळसाठी स्वस्त इन्क्युबेटर करण्याचं. त्यांच्यातला एक जण काठमांडूला गेला, तर तिथल्या रुग्णालयात दान मिळालेले इन्क्युबेटर रिकामेच. कमी वजनाची बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यांत. ती इथवर पोचतच नव्हती. स्वस्त इन्क्युबेटर करून तेही रिकामेच राहिले असते. मग काम बदललं: वीज नसलेल्या घरात, आईच्या कुशीजवळ, बाळाला ऊब कशी देता येईल? उत्तर म्हणून झोळीसारखी छोटी पिशवी निघाली, तिच्यात मेणासारख्या पदार्थाची लादी. ती एकदा तापवली की कित्येक तास शरीराच्या तापमानाइतकी, 37 अंशांच्या आसपास, ऊब देत राहते.

पुढे हे विद्यार्थी भारतात येऊन काम करू लागले तेव्हा नमुन्यावर तापमानाचा आकडा दाखवणारी पट्टी होती. खेड्यातल्या एका आईने सांगितलं की इंग्रजी औषध फार कडक असतं, म्हणून डॉक्टरने चमचाभर सांगितलं तर आपण अर्धाच देतो. तुम्ही 37 पर्यंत तापवा म्हणालात तर मी 30 च्या आसपास थांबेन. बाळाच्या काळजीपोटीच! त्या पिशवीत हे चाललं नसतं. आकडा काढून टाकला आणि 'ठीक' किंवा 'ठीक नाही' एवढंच दाखवणारी खूण ठेवली. अभियांत्रिकीच्या नजरेने आकडा म्हणजे जास्त माहिती. त्या घरात जास्त माहिती धोक्याची होती.

जयपूर फूटचंही मर्म इथेच आहे. 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचं पाऊल घडवलं. त्याआधी मिळणारा विलायती धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालायचा, खुर्चीवर बसायचं, सपाट फरशीवर चालायचं अशा आयुष्यासाठी होता. आपला माणूस उंबऱ्याबाहेर वहाणा काढतो, पंगतीला मांडी घालतो, शौचाला उकिडवा बसतो, भाताच्या चिखलात उतरतो. पाय मिळूनही लोक तो कोपऱ्यात ठेवून कुबडीकडे वळत, यात नवल काय? जयपूरचं पाऊल अनवाणी चालतं, घोट्यात वाकतं, भिजलं तरी चालतं, आणि दिसतंही पावलासारखं. शर्मांचं शालेय शिक्षण जेमतेम, हात मूर्तिकाराचे. नर्तिका सुधा चंद्रन अपघातात पाय गमावल्यावर याच पावलावर पुन्हा नाचली, हे बऱ्याच वाचकांना आठवत असेल.

बघितलंच नाही तर काय होतं याचा नमुनाही पंपाचाच आहे, म्हणून तो इथे सांगायलाच हवा. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाची कल्पना निघाली. मुलांनी गोल फिरणारा पाळणा फिरवायचा, त्या फिरण्याने पाणी वरच्या टाकीत चढणार, टाकीवर जाहिराती, जाहिरातींतून देखभालीचा खर्च. ऐकताक्षणी टाळी पडावी अशी गोष्ट. 2006 मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर देण्याची घोषणा झाली, आणि 2010 पर्यंत 4000 पंप बसवायचं ठरलं. एका पंपाची किंमत 14,000 डॉलरच्या घरात. काही गावांत चालू असलेला साधा हातपंप काढून हा बसवला. मग मुलं शाळेत असताना, पावसात, किंवा खेळून कंटाळल्यावर पाणी कोण काढणार? बायका. बैलासारखं गोल फिरून, कंबर वाकवून, आणि लोक बघताहेत म्हणून लाजत. साध्या हापशापेक्षा हे जास्त कष्टाचं होतं. गार्डियन वृत्तपत्राने 2009 मध्ये हिशेब मांडला की ठरवलेल्या माणसांना पाणी पुरवायला मुलांना रोज 27 तास खेळावं लागेल. पुढे ही मोहीम गुंडाळली गेली. तिच्यात वाईट हेतूचा माणूस शोधून सापडणार नाही. फोटोत हसणारी मुलं सगळ्यांनी पाहिली होती. पाणी भरणाऱ्या बाईला कोणी विचारलं नव्हतं.

मार्क टूलाही तीच कसोटी लावली तर तो पुरा उतरत नाही. मोडत कमी होता, पण मोडला की गाव हतबल. खाली पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये दट्ट्या असतो आणि दट्ट्याला चामड्याचा वायसर. तो वायसर झिजणारच. पण सिलिंडर जाड आणि वर येणारा पाइप बारीक, त्यामुळे मुठीत मावणारा वायसर बदलायला सगळे पाइप एकामागून एक वर काढावे लागत. त्याला तिपाई, मोठे पाने, गाडी आणि तालुक्याहून येणारी चार-पाच माणसांची टोळी लागे. टोळी येईपर्यंत आठवडे जात.

म्हणून 1980 च्या दशकात तमिळनाडूतल्या कोइमतूर भागात पंप वर्षानुवर्षं प्रत्यक्ष वापरात ठेवून तपासले गेले, आणि त्यातून मार्क थ्री आला. त्यात वरचा पाइप इतका रुंद केला की पाइप जागेवर ठेवून नुसता दट्ट्या वर ओढून घेता येतो. चामड्याच्या जागी टिकाऊ रबराचे वायसर आले. गावातली दोन माणसं, थोडी हत्यारं, एवढ्यात काम. मात्र रुंद पाइप महाग आणि वजनदार, त्यामुळे मार्क थ्रीने मार्क टूची जागा सगळीकडे घेतली नाही. रबरी वायसर मात्र मार्क टूमध्येही गेले. सुधारणा अशी अर्धीमुर्धीच पसरते.

दुरुस्ती कोणी करायची, हाही डिझाइनचाच प्रश्न होता. राजस्थानात तिलोनिया गावातल्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने गावातल्याच तरुणांना हातपंप मिस्त्री म्हणून तयार केलं, म्हणजे तालुक्याच्या टोळीची वाट बघणं संपलं. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या सरकारी स्त्री-शिक्षण कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायका मेकॅनिक झाल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सरकारी इंजिनिअरांना वाटलं होतं, जड पाइप यांना झेपणार नाहीत. रोज दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन मैलभर चालणाऱ्या बायांबद्दल हे वाटलं होतं! पंप बंद पडल्याचा भुर्दंड घरात ज्या बाईला पडतो तिच्या हातात पाना दिला की पंप लवकर दुरुस्त होतो, हे कळायला फार मोठं संशोधन लागू नये.

आता या पद्धतीची मर्यादाही हापशाच्याच अंगाने सांगतो. माणसाकडे बघून जे दिसतं तेवढंच ती बघते. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये तळ्याच्या पाण्याने हगवण होते म्हणून लाखो नळकूप आणि हातपंप बसले. लोकांना ते मनापासून आवडले, दाराशी पाणी आलं, हगवण कमी झाली. वापरणाऱ्याला विचारलं असतं तर शंभरातल्या शंभरांनी पसंती दिली असती. पण जमिनीखालच्या त्या पाण्यात आर्सेनिक होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. बंगालमध्ये 1980 च्या दशकात आणि बांगलादेशात 1993 मध्ये ते उघड झालं, तोवर माणसांच्या तळहातांवर गाठी आल्या होत्या. मग विषारी पंप लाल आणि सुरक्षित पंप हिरवे रंगवायचं काम सुरू झालं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे. दात पिवळे पडतात, पुढे हाडं वाकतात. तिथे समरस होऊन भागत नाही. आधी पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवावी लागते.

आणि काही प्रश्न मुळात डिझाइनचे नसतात. उत्तम मार्क टू आहे, वायसर नवा आहे, मेकॅनिक गावातलीच आहे, पण शेजारच्या रानात उसाला चार-चारशे फुटांचे बोअर चालू आहेत. जानेवारीत हापसा हवा ओढायला लागतो. इथे कितीही कल्पक नमुने केले तरी ज्याच्याकडे मोटर आहे तो पाणी नेणार. या भांडणासाठी महाराष्ट्राने 1993 मध्ये कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात हापशापाशी उभं राहून चहूकडे नजर फिरवली तर तो किती पाळला गेला हे कळतं.